थेलोनियस मंक : पुनरावृत्तीचा आक्षेप आणि रचनाकाराची भूमिका

अमेरिकन जॅझ पियानोवादक व रचनाकार थेलोनियस मंक (१९१७-१९८२) यांच्यावर समीक्षेने दोन परस्परविरोधी आक्षेप घेतले. १९४० च्या दशकात त्यांचे वादन दुर्बोध व तंत्रदृष्ट्या अपुरे ठरविले गेले. १९६० च्या दशकात ते स्वतःचीच पुनरावृत्ती करीत आहेत, असे म्हटले गेले. पहिला आक्षेप काळाने निकालात काढला. दुसरा मात्र तपासून पाहणे आवश्यक आहे, कारण जॅझमधील ‘रचना’ या संकल्पनेविषयीचे एक गृहीत त्यात दडलेले आहे.

हार्लेममधील मिंटन्स प्लेहाउस येथे बीबॉप शैली आकाराला येत असताना मंक तेथील पियानोवादक होते. बीबॉपने वेग आणि स्वरांची दाटी यांना महत्त्व दिले; मंक यांनी विरामाला दिले. लगतच्या दोन पट्ट्या एकदम दाबून निर्माण केलेला त्यांचा खरखरीत स्वरसंघर्ष प्रथम चुकीसारखा भासतो. पुढील आवर्तनात तो त्याच जागी पुन्हा आला की त्यामागील योजना ध्यानात येते. ‘राउंड मिडनाइट’, ‘रुबी, माय डिअर’ यांसारख्या त्यांच्या प्रमुख रचना १९४७ पर्यंत, म्हणजे वयाच्या तिशीपर्यंत, सिद्ध झालेल्या होत्या.

परंतु सिद्ध होणे आणि ऐकले जाणे यांत अंतर पडले. १९५१ मध्ये अमली पदार्थांच्या प्रकरणात अटक झाल्यानंतर त्यांचा कॅबरे परवाना रद्द करण्यात आला. परिणामी १९५७ पर्यंत न्यूयॉर्कमधील मद्यविक्री करणाऱ्या क्लबांत त्यांना नियमित वादन करता आले नाही. पुढे समीक्षकांना जे शिळे वाटले, ते त्यांच्याच शहरातील रंगमंचापासून अनेक वर्षे दूर ठेवले गेले होते, याची नोंद या आक्षेपात क्वचितच आढळते.

शिवाय या रचना केवळ उत्स्फूर्त विस्तारासाठी दिलेले निमित्त नव्हेत. ‘ब्रिलियंट कॉर्नर्स’ (१९५६) ही रचना नेहमीच्या ३२ ऐवजी २२ बारची असून तिची लय मध्येच दुप्पट होते. सॉनी रोलिन्स, मॅक्स रोच यांसारखे वादक असूनही ती सलग नीट वाजविली गेली नाही. अखेर निरनिराळ्या प्रयत्नांतील भाग जोडून ध्वनिमुद्रण पूर्ण करावे लागले. १९५७ मधील ‘राउंड मिडनाइट’च्या एकल ध्वनिमुद्रणाची सुमारे २२ मिनिटांची पूर्वतयारी कालांतराने प्रकाशित झाली. दशकाहून अधिक जुन्या, स्वतःच्याच रचनेतील एकेक स्वरमेळ मंक तेथे थांबून, मागे जाऊन पुन्हा पारखताना ऐकू येतात. यास पुनरावृत्ती म्हणावयाचे असेल, तर ती पुनर्लेखनासारखी आहे.

आक्षेपात तथ्य नाही, असे नव्हे. १९६२ नंतरच्या कोलंबिया कंपनीच्या काळात नव्या रचना घटल्या, आणि सॅक्सोफोन, पियानो, बास, ड्रम हा एकल वादनाचा क्रम बहुधा ठरीव राहिला. तथापि हा दोष मांडणीचा आहे. तो रचनासंग्रहावर लादणे अन्यायाचे होय. १९६८ मध्ये ‘मंक्स ब्लूज’साठी ऑलिव्हर नेल्सन यांच्या मोठ्या वाद्यवृंदात हेच संगीत बसविले गेले, जोडीला निर्माते टिओ मासेरो यांच्या दोन रचनाही घेतल्या गेल्या. समीक्षकांनी मागितलेले नावीन्य तेथे भरपूर आहे. मंक यांचे विराम मात्र वाद्यवृंदाने भरून टाकले आहेत.