अनुसूचीत आहे, कलमात नाही

मोलगीत बाजाराच्या दिवशी मी लोकांचे अर्ज भरून देतो. वकिली शिकलेलो नाही, शिक्षण बारावीपर्यंतच. पण अर्ज भरता भरता कायदे वाचायची खोड लागली. कायदाही शब्दागणिक थांबून वाचावा लागतो, हे फार उशिरा कळले.

एकदा एक पदवीधर तरुण सरकारी नोकरीचा अर्ज भरायला आला. सिकलसेलचा रुग्ण. दिव्यांगत्वाच्या प्रमाणपत्रावर टक्केवारी चाळीसच्या वर, म्हणजे कायद्याच्या भाषेत ‘लक्षणीय दिव्यांगत्व’. आरक्षणाचा प्रकार निवडायचा होता. अंध, कर्णबधिर, अस्थिव्यंग असे करत आम्ही यादीच्या तळापर्यंत गेलो. “काका, माझा रकाना कुठला?” मला वाटले, संगणकाची गडबड असेल. घरी येऊन कायदा काढला, तर गडबड तिथेच होती.

१९९५ च्या कायद्यात अपंगत्वाचे ७ प्रकार होते आणि सरकारी नोकऱ्यांत ३ टक्के आरक्षण. २०१६ च्या दिव्यांग व्यक्ती हक्क अधिनियमाने प्रकार २१ केले, आरक्षण ४ टक्के. नव्या अनुसूचीत हिमोफिलिया, थॅलेसेमिया आणि सिकलसेल हे रक्ताचे तीन आजार आले. सातपुड्यातल्या भिल्ल-पावरा पाड्यांना यातला तिसरा चांगलाच ओळखीचा. या विस्ताराचे मीही तेव्हा कौतुक केले होते.

कलम ३४ मात्र मी वाचले नव्हते. त्यात चार टक्क्यांची वाटणी आहे. अंध-अल्पदृष्टी यांना एक, कर्णबधिरांना एक, अस्थिव्यंगांना (कुष्ठमुक्त, ॲसिडहल्लाग्रस्त वगैरे धरून) एक. चौथा टक्का स्वमग्नता, बौद्धिक अक्षमता, अध्ययन अक्षमता, मानसिक आजार आणि बहुविकलांगता यांच्यात. रक्ताच्या आजारांचे नाव कुठेच नाही. याच कायद्याचे कलम ३२ उच्च शिक्षणात ५ टक्के जागा ठेवते, आणि तिथे अशी चाळणी नाही. लक्षणीय दिव्यांगत्व असले की पुरे. म्हणजे सिकलसेलच्या मुलाला कायदा हात धरून कॉलेजात नेतो, पदवी देववतो आणि नोकरीच्या दारात हात सोडतो. अनुसूचीत नवा प्रकार घालायला केंद्राची अधिसूचना पुरते. कलमातले वाटे बदलायचे तर संसदेत जावे लागते. यादी लांबवणे सोपे का, ते यावरून कळावे.

यावर दोन उत्तरे मी ऐकली आहेत. पहिले, या लोकांना अनुसूचित जमातीचे आरक्षण आहेच. आहे, पण अंध आदिवासीला दोन्ही मिळतात, कारण दिव्यांगांचे आरक्षण समांतर आहे. दुसरे, हा रुग्ण एरवी धडधाकट दिसतो, त्याला वेगळा वाटा कशाला? हे बोलणाऱ्याने इथली कामे पाहावीत. शेतीचे चार महिने सरले की गुजरातेत ऊसतोड, नाहीतर रोजगार हमीवर माती. कडक ऊन, कमी पडणारे पाणी, पहाटेची थंडी, अतिश्रम, या सगळ्यांनीच वेदनांचा झटका येतो. सावलीतली, रजा मिळणारी नोकरी ही त्याच्यासाठी चैन नव्हे, जवळजवळ पथ्य आहे.

बाकी प्रयत्नांविषयी थोडक्यात. २०२२ च्या डिसेंबरात राज्याने दिव्यांगांसाठी स्वतंत्र मंत्रालयीन विभाग केला, हे चांगलेच झाले. राज्याचे महामंडळ विजेवर चालणारे फिरते दुकान देते. देवगोई घाट चढून आलेल्या माणसाला ती गाडी पाड्यापाड्यांवर कशी फिरेल, हे विचारू नये. ग्रामपंचायतीने स्वतःच्या उत्पन्नाचे ५ टक्के दिव्यांगांवर खर्चायचे असतात. आमच्या डोंगरातल्या पंचायतींचे स्वतःचे उत्पन्नच किती? १ जुलै २०२३ रोजी शहडोलहून सिकलसेल उच्चाटनाची राष्ट्रीय मोहीम सुरू झाली. तिची मुदत २०४७ आहे. तपासण्या, समुपदेशन, औषधे हे सारे हवेच. पण आज पंचविशीत असलेला रुग्ण २०४७ साली पन्नाशीकडे झुकलेला असेल, आणि मधल्या काळात त्याने काय काम करून खायचे, हा प्रश्न आरोग्य खात्याच्या कक्षेत बसत नाही.

त्या दिवशीचा अर्ज अखेर जमातीच्या आरक्षणातून भरला. ‘दिव्यांग आहात का?’ यापुढे आधी ‘होय’ केले होते. प्रकार निवडल्याशिवाय पान पुढे सरकेना. दोनदा प्रयत्न करून पाहिला, मग त्या तरुणानेच ‘नाही’वर बोट ठेवले.