मासा गेल्यावर उरलेला योना

संडे स्कूलमध्ये योनाची गोष्ट तो माशाच्या पोटातून बाहेर आला की संपायची. देवाचं ऐकलं नाही तर मासा गिळतो, एवढाच धडा. पण पुस्तकात चार अध्याय आहेत आणि मासा दुसऱ्यातच निघून जातो. खरी गोष्ट पुढे आहे. शत्रूचं शहर निनवे पश्चात्ताप करतं, देव त्याला माफ करतो आणि योना चिडतो. सावली देणारं झाड वाळलं म्हणून तो तळमळतो. १,२०,००० हून अधिक माणसांसाठी मात्र नाही. पुस्तक देवाच्या प्रश्नावर संपतं. योनाचं उत्तर लिहिलेलंच नाही. माझं वाईट केलेल्या माणसाला देवानं माफ केलं तर मला चालेल? अजून तरी ‘हो’ म्हणवत नाही. म्हणून ही गोष्ट मला लहान मुलांची वाटत नाही.