वीरगळ आणि संख्याशिळा : ग्रामीण युद्धस्मारकांची भाषा

रणात पडलेल्या माणसाचे स्मरण गाव कोणत्या भाषेत करते, हा प्रश्न इतिहासाइतकाच भाषाशास्त्राचाही आहे. पालमसारख्या गोदावरीखोऱ्यातील गावातून आलेल्या विद्यार्थ्याला या संदर्भात प्रथम आठवेल तो वीरगळ. हा शब्द कन्नड ‘वीरगल्लु’ याचे मराठी रूप होय. ‘कल्लु’ म्हणजे दगड. वीरगळावर बहुधा अक्षरे नसतात. खालच्या चौकटीत युद्ध वा मृत्यू, मध्ये अप्सरांसह स्वर्गारोहण, वर शिवलिंगाची पूजा आणि माथ्यावर चंद्रसूर्य, असा त्याचा वाक्यक्रम खालून वर वाचावयाचा असतो. नाव नसले तरी तेथे कर्ता आहे आणि त्याची क्रियाही आहे.

पहिल्या महायुद्धानंतर हिंदुस्थानातील अनेक गावांत बसविलेल्या शिळांचे व्याकरण याहून निराळे आहे. या गावातून इतके पुरुष १९१४–१९१९ च्या महायुद्धास गेले, पैकी इतक्यांनी प्राण दिले, असा त्यांचा ठरीव साचा. येथे कर्त्याच्या जागी संख्या येते. सातारा जिल्ह्यातील अपशिंगे या गावाचा उल्लेखही प्रथम होतो तो त्या युद्धात पडलेल्या ४६ जवानांच्या आकड्याने. बसरा येथील १९२९ च्या स्मारकावर तर हा भेद उघड झाला : अधिकाऱ्यांची नावे कोरली गेली, परंतु साध्या हिंदी शिपायांची पलटणवार संख्याच दिली गेली. मराठा पलटणी मेसोपोटेमियात लढल्या होत्या, हे ध्यानी घेता ही उणीव आपल्या घरची ठरते.

पालम ज्या हैदराबाद संस्थानात १९४८ पर्यंत होते, त्याचे लान्सरही त्या युद्धात होते. दिल्लीतील १९२२ च्या ‘तीन मूर्ती’ स्मारकातील एक पुतळा हैदराबादचा आहे. परंतु तो संस्थानाचे प्रतीक आहे. अमुक गावचा अमुक शिपाई नव्हे.

वीरगळही बहुधा अनामिकच, मग संख्याशिळेलाच दोष का, असा आक्षेप येईल. उत्तर असे की, वीरगळ एका माणसाचे मरण दाखवितो. संख्या अनेकांची मरणे एकत्र बांधते आणि त्यांतील भेद पुसते. मराठीने मात्र हे मरण निराळे सांगितले आहे. ‘कामी आला’ या प्रयोगात धन्याचे काम आहे, तर ‘धारातीर्थी पडला’ या प्रयोगात शस्त्राची धारच तीर्थ झाली आहे. अपशिंग्याच्या नावाला तर ‘मिलिटरी’ हा परका शब्दच कायमचा जडला. दगडाने जे गाळले ते बोलीने असे राखले.

तेव्हा अशा शिळेची केवळ नक्कल उतरवून अभ्यासकाचे काम संपत नाही. तिच्यावरील प्रत्येक आकड्यामागील नाव घराघरांतून विचारून टिपून घ्यावयास हवे. शिळा टिकेल, ते नाव सांगणारे तोंड टिकेलच असे नाही.