रस्ता शांत होता, म्हणजे नेमकं काय?

मागच्या हिवाळ्यात मी मेहकरहून लोणारला सायकलने गेले आणि परत आल्यावर इन्स्टाग्रामवर चार फोटो टाकले. खाली लिहिलं, ‘शांत रस्ता, मी आणि माझी सायकल.’ लाइक्स बऱ्यापैकी आले. तिसऱ्या दिवशी शाळेतल्या एका मैत्रिणीचा मेसेज आला. तिने एवढंच विचारलं होतं, ‘दुसऱ्या फोटोतला तो आमचाच फाटा ना?’

तिच्या प्रश्नाकडे येतेच. पण आधी हे सांगायला हवं की कॅप्शनमधला ‘शांत’ हा शब्द माझा नव्हताच. तो मी वाचून उचललेला होता.

गेली काही वर्षं मी सायकल-प्रवासाबद्दल हाताला लागेल ते वाचते. मराठीतले ब्लॉग, फेसबुकवरच्या लांबलचक पोस्टी, दिवाळी अंकांतले लेख, शिवाय परदेशी टूर कंपन्यांची पानं. यातला ‘सेल्फ-गाइडेड’ नावाचा प्रकार मला फार खुणावतो. भूमध्य समुद्रातलं एखादं बेट असतं. कंपनी हॉटेलं ठरवते, तुमची बॅग गाडीतून पुढच्या मुक्कामी पोचवते आणि मोबाइलमध्ये मार्ग भरून देते. गाइड नाही, ग्रुप नाही. दिवसाला चाळीस-पन्नास किलोमीटर, एका बाजूला समुद्र, दुसऱ्या बाजूला ऑलिव्हची झाडं. मला हे खोटं वाटत नाही. कुणी हाकत नसताना स्वतःच्या पायांनी एक प्रदेश पार करायचा, यातलं सुख ज्याला कळत नाही त्याने सायकलवर लिहू नये.

पण अशी बरीच पानं वाचल्यावर सगळी एकाच माणसाने लिहिल्यासारखी वाटायला लागतात. मराठीतलीही याच वळणावर गेली आहेत. पहाटे निघालो, अमुक किलोमीटर झाले, घाटात दमछाक झाली, टपरीवरच्या चहाने जीव आला, गावकरी प्रेमळ होते, सूर्यास्त अवर्णनीय होता, आणि रस्ता शांत होता. ‘अवर्णनीय’ म्हटलं की वर्णनातून सुटका होते. ‘शांत’ म्हटलं की त्याहून मोठ्या गोष्टीतून होते. रस्त्यावर माणसं का नव्हती, हे मग विचारावं लागत नाही.

आपल्या भाषेत तर या एका गोष्टीसाठी किती शब्द आहेत. दुपारची जेवणं झाल्यावर गल्लीत असतं ते निवांत. लग्नघरातले पाहुणे गेल्यावर उरतो तो शुकशुकाट. रात्री गावात होते ती सामसूम. माणसं सोडून गेली की ओसाड. आणि जिथून मुलीने एकटीने जाऊ नये असं घरचे सांगतात ते सुनसान. हे सगळे शब्द आपल्या आयांच्या बोलण्यात आहेत. प्रवासवर्णन लिहायला बसलो की मात्र आपण ते बाजूला ठेवतो आणि माहितीपत्रकातला एकच शब्द घेतो.

त्या बेटांचंच बघा. स्पेनच्या मिनोर्का बेटाला किनाऱ्याकिनाऱ्याने वळसा घालणारी १८५ किलोमीटरची एक जुनी पायवाट आहे, ‘कामी दे कव्हाल्स’, म्हणजे घोड्यांची वाट. आज तिथे लोक चालायला आणि सायकल चालवायला जातात. पण ती वाट पडली किनाऱ्यावर पहारा ठेवण्यासाठी, समुद्रातून हल्ला येईल या धास्तीने. ज्या वळणावर आज सायकलस्वार फोटो काढतो, तिथे कधीकाळी कुणी जीव मुठीत धरून क्षितिजाकडे बघत असेल. एवढं कळलं की तो किनारा कमी सुंदर होत नाही. उलट तो आता एक जागा होतो, नुसतं वॉलपेपर राहत नाही.

आपल्याकडे याच्या जवळचा मार्ग म्हणजे कोकणातला रेवस ते रेड्डी हा सागरी रस्ता. आगरदांडा-दिघी, दाभोळ-धोपावे, तवसाळ-जयगड अशा खाड्या फेरीबोटीने ओलांडत सायकलवाले दक्षिणेकडे सरकतात. या वाटेवरचं लेखन भरपूर आहे आणि त्यातली समुद्राची, चढांची, माशांची वर्णनं खरंच चांगली आहेत. पण गावातून जाताना दिसणाऱ्या बंद घरांपाशी लेखणी थांबत नाही. कौलारू घर, अंगणात तुळस, दाराला कुलूप. हे घर मुंबईला गेलेलं आहे आणि गणपतीत किंवा शिमग्याला उघडेल, हे सगळ्या मराठी वाचकांना ठाऊक आहे. लेखकालाही असतं. तरी तो लिहितो, ‘गाव किती शांत!’ चाकरमान्यांच्या दोन-तीन पिढ्यांनी गाव सोडलं, तेव्हा कुठे ते इतकं शांत झालं.

मग चांगलं प्रवासवर्णन कशाला म्हणायचं? मला तीन बायका आठवतात.

पहिली डर्व्हला मर्फी. या आयरिश मुलीला दहाव्या वाढदिवसाला एक जुनी सायकल आणि एक नकाशांचं पुस्तक मिळालं, तेव्हाच तिने भारतात सायकलने जायचं ठरवलं. घरच्या जबाबदाऱ्यांतून मोकळी होऊन ती निघाली १९६३च्या जानेवारीत. त्यावरचं ‘फुल टिल्ट’ १९६५ साली आलं. तिच्याजवळ पिस्तूल होतं. तिने ते लांडग्यांवर चालवलं आणि रात्री खोलीत शिरलेल्या माणसाला पळवण्यासाठी छताकडेही झाडलं. पुस्तकातलं सगळंच मला पटत नाही. एका भेटीवरून अख्ख्या लोकसमूहाचा स्वभाव ठरवून टाकायची घाई तिला आहे. पण रस्ता कुठे मोकळा होता आणि कुठे धोक्याचा, यात ती गल्लत करत नाही. भीतीही ती पंक्चरइतक्याच सहजपणे नोंदवते.

दुसऱ्या मीना प्रभु. ‘तुर्कनामा’, ‘ग्रीकांजली’, ‘रोमराज्य’ या पुस्तकांतून भूमध्य समुद्राचे किनारे मराठी घरांतल्या कपाटांत आले. एकट्या बाईने फिरायचं तर मुक्काम, गाड्या, अनोळखी माणसं यांचे हिशोब करावे लागतात, आणि हे हिशोबही प्रवासाचाच भाग असतात, हे मला त्यांच्यामुळे कळलं.

तिसऱ्या इरावती कर्वे. १९४९च्या ‘परिपूर्ती’तला ‘वाटचाल’ हा लेख पंढरीच्या वारीचा आहे. तिथे शांततेचा प्रश्नच नाही, माणसांची नदी आहे. त्या गर्दीत त्या आनंदाने चालतात आणि तरीही बघतात की एकच अभंग म्हणणाऱ्या दिंड्यांची जेवणं जातीप्रमाणे वेगळी आहेत. हे बघितल्यावर त्यांना ते सोसत नाही, पण त्या वारी सोडूनही देत नाहीत. प्रवासवर्णनाकडून मला हेच हवं असतं. रस्त्यावर प्रेम करायचं आणि त्याच्याकडे नीट बघायचंही.

आता माझा रस्ता. मेहकर ते लोणार, सुलतानपूरवरून, पंचवीसेक किलोमीटर. आमच्या जिल्ह्यातला सगळ्यात गुळगुळीत रस्ता म्हणजे समृद्धी महामार्ग, पण त्यावर सायकलला बंदी आहे, मोटारसायकललासुद्धा. आम्हाला जुनाच रस्ता. दोन्हीकडे तूर डोक्याइतकी वाढलेली, मधे हरभरा. एका वस्तीत पाणी मागायला थांबले. निम्म्या घरांना कुलपं होती. एका आजीने तांब्या दिला आणि विचारलं, ‘एकटीच काय वं माय? एस्टी नाही भेटली काय?’ माणसं कुठे गेली विचारलं, तर म्हणाली, ‘ऊसतोडीला.’ घरात म्हातारी माणसं आणि एक लहान मुलगा होता. कोकणातल्या बंद घरांवरून इतरांना नावं ठेवणारी मी, माझ्या चार फोटोंत ही वस्ती नव्हती.

लोणारला सायकल वर ठेवून सरोवराकडे उतरले. समुद्र आमच्यापासून शेकडो किलोमीटर लांब आहे, पण खाऱ्या पाण्याचा काठ आमच्याकडेही आहे. उल्केच्या आघाताने पडलेलं, सुमारे १.८ किलोमीटर रुंद आणि दीडशे मीटर खोल विवर. २०२० साली त्याचं पाणी गुलाबी झालं तेव्हा जगभर फोटो फिरले. त्याच वर्षी ते रामसर पाणथळ स्थळांच्या यादीतही आलं. खाली झाडी आहे, मोर आहेत, पाण्याला उग्र वास आहे. तिथे मात्र खरंच शांत होतं. माझ्या आसपास पाच-सहा माणसं होती आणि मला कुणाची भीती वाटत नव्हती. ही शांतता मी ओळखू शकले, कारण तासाभरापूर्वी दुसऱ्या शांततेतून आले होते. सुलतानपूरच्या पुढे एका टप्प्यात मागून एक मोटारसायकल आली, माझ्याजवळ हळू झाली, थोडा वेळ तशीच चालली आणि निघून गेली. काहीच झालं नाही. फक्त मी लोकेशन शेअर चालू आहे ना ते बघितलं आणि पुढचे चार किलोमीटर तुरीकडे बघत काढले. हेही मी कॅप्शनमध्ये लिहिलं नाही.

आमचं मेहकर ना. घ. देशपांड्यांचं गाव. त्यांची ‘शीळ’ जी. एन. जोशींच्या आवाजात महाराष्ट्रभर पोचली. रानातून शीळ येते आणि ऐकणारीचं मन तिकडे धावतं, असं ते गाणं. मला ते अजूनही आवडतं. पण शाळेत असताना आम्हा मुलींना शीळ ऐकू यायची ती बसस्टँडवर, आणि ती ऐकली की आम्ही पावलं उचलायचो. एकाच रानातल्या, एकाच आवाजाच्या या दोन गोष्टी आहेत. टीका करणाऱ्याने दोन्ही ऐकायला हव्यात.

मैत्रिणीला मी फोन केला. आम्हा दोघींना आठवीत मानव विकासची सायकल मिळाली होती. माझी शाळा घराजवळच्या रस्त्याने, तिला फाट्यापासून आत चार किलोमीटर. दहावीच्या वर्षी एका संध्याकाळी दोन पोरं मोटारसायकलवरून फाट्यापासून गावापर्यंत तिच्या शेजारून चालत आली. हात लावला नाही, बोलली नाहीत, शीळ घालत राहिली. तिने घरी सांगितलं. दुसऱ्या दिवसापासून भाऊ सोडायला लागला, आणि भावाला पुण्यात काम लागल्यावर शाळाच सुटली. सायकल वडिलांनी दुधाच्या कॅनसाठी घेतली. ‘तिथं नेहमी असंच असतं,’ ती म्हणाली, ‘कोणी नसतं.’ आवाजात तक्रार नव्हती. मग तिने विचारलं, लोणारला पाणी आता किती आहे.

तेव्हापासून कुठलंही सायकल-वर्णन वाचताना मी पेन्सिल घेऊन ‘शांत’खाली रेघ मारते आणि शेजारी लिहून बघते: निवांत, शुकशुकाट, सामसूम, ओसाड की सुनसान? लेखकाने पुरेसं सांगितलं असेल तर शब्द लगेच सुचतो. नसेल तर त्याने रस्ता पाहिलाच नाही, नुसता पार केला. बेटावरचा असो की बुलढाण्यातला, कसोटी हीच.

माझी कॅप्शन मी बदलली. आता तिथे असं आहे: ‘मेहकर-लोणार, पंचवीसेक किलोमीटर. सकाळी सातला निघाले. सुलतानपूरपर्यंत चहाच्या टपऱ्या आहेत. पुढे काही अंतर कुणीही नसतं, दोघींनी जावं. वस्तीत पाणी मिळतं, पण माणसं ऊसतोडीला गेली आहेत. सरोवर शांत आहे.’

लाइक्स वाढले नाहीत. मैत्रिणीने लिहिलं, ‘दोघींनी म्हणजे कधी?’ फेब्रुवारीत तूर निघाली की जायचं ठरलं आहे. वडिलांकडून सायकल मागून घ्यायची आहे. चेन बदलावी लागेल म्हणते.