धनुर्वेदांतील ‘शरवंश’ : एक परीक्षण

धनुर्वेदाच्या पोथ्या संग्राहकांच्या दप्तरांत क्वचित् आढळतात. आणि आढळल्या तरी आयुधांचीं नांवें टिपून घेण्यापलीकडे त्यांचा उपयोग सहसा कोणी करीत नाहीं. बाण कसा सोडावा हें पुष्कळांनीं वाचलें आहे. बाण कशाचा करावा, तो दांडा कोठून व केव्हां तोडून आणावा, हा भाग मात्र नीरस म्हणून बाजूस पडतो. वसिष्ठाच्या नांवावर चालणाऱ्या धनुर्वेदसंहितेंत या विषयावर थोडे श्लोक आहेत. त्यांतील शरलक्षणाचा भाग शार्ङ्गधरानें इ. स. १३६३ त सिद्ध केलेल्या पद्धतींतहि येतो. ती पीटर्सन यांनीं १८८८ त मुंबईस छापून काढली. या अल्प श्लोकांचेंच परीक्षण येथें करावयाचें आहे, कारण त्यांचा जो अर्थ मराठींत रूढ झाला आहे तो आमच्या मतें बरोबर नाहीं. आम्हीहि तोच अर्थ अनेक वर्षें शिकवीत आलों, हें आरंभींच सांगितलेलें बरें.

वसिष्ठ विश्वामित्रास सांगतो कीं ‘शरवंश’ शरदृतूंत घ्यावे. वाद आहे तो या एका समासाचा. ‘शरासाठीं वंश’, म्हणजे बाणासाठीं वेळू, असा विग्रह बहुतेक करतात. ‘शर आणि वंश’ असा द्वंद्वहि संभवतो. तिसरा विग्रह ‘शराचा वंश’, म्हणजे शर नांवाच्या तृणाचा दांडा. व्याकरणास तिन्ही मान्य आहेत. तेव्हां निर्णय व्याकरणाबाहेर, शब्दाच्या इतिहासांत आणि शब्दाच्या जमिनींत शोधिला पाहिजे.

केवळ कोश हातीं धरून निर्णय करूं गेल्यास काय होतें याचें उदाहरण आमच्या गांवाच्या नांवांतच आहे. शिरूर कासार हें बीड जिल्ह्यांतील सिंदफणेकांठचें गांव. ‘कासार’ शब्द पाहतांच अमरकोश पाठ असलेल्याला तळें आठवेल. मराठी माणसाला बांगड्या व तांब्यापितळेचीं भांडीं विकणारा आठवेल. दोन्ही अर्थ कोशांत खरे आहेत; पण गांवाच्या नांवांत कोणता, हें कोश सांगत नाहीं. ‘शर’ शब्दाचीहि हीच गत आहे. त्याचा अर्थ बाण, हें शाळकरी मुलासहि ठाऊक असतें. आणि तेंच एवढें ठाऊक असतें कीं मूळ अर्थ त्याखालीं बुजून जातो.

तो मूळ अर्थ तृणाचा आहे. अथर्ववेदाच्या पहिल्याच कांडांत पर्जन्याला शराचा पिता म्हटलें आहे. भात्यांतल्या बाणाला पाऊस बाप होत नाहीं, पावसानें उगवणाऱ्या गवताला होतो. पाणिनीनें ‘शरवण’ आणि ‘इक्षुवण’ या शब्दांतील णत्व एकाच सूत्रांत सांगितलें असून त्यांत शर आणि इक्षु शेजारी शेजारी बसविले आहेत. आजचें वनस्पतिशास्त्रहि शर, काश आणि ऊस यांना एकाच कुळींत घालतें. कौटिल्याचा ग्रंथ १९०९ त प्रसिद्ध झाला तेव्हांपासून तर शंकेस जागाच उरूं नये. आयुधागाराच्या अध्यायांत त्यानें बाणांच्या पांच जाती सांगितल्या आहेत : वेणु, शर, शलाका, दंडासन आणि नाराच. वेळूचा बाण आणि शराचा बाण तो निरनिराळे मोजतो. उत्तरेकडे हिंदींत ‘सरकंडा’ म्हणून जें तृण प्रसिद्ध आहे, तें ‘शरकांड’च होय.

मग घोटाळा कोठें झाला? आमच्या समजुतीप्रमाणें ‘तेजन’ शब्दापाशीं. ऐतरेय ब्राह्मणांत बाणाच्या अवयवांत ‘तेजन’ म्हणजे दांडा सांगितला आहे. पुढें अमरानें ‘तेजन’ हें वेळूच्या नांवांत घातलें आणि ‘तेजनक’ हें शराच्या. दोन्ही वनस्पतींपासून दांडे होत, म्हणून दोघींनाहि दांड्याचें नांव मिळालें. पण नांवें सारखीं म्हणून वस्तु एक, असें मानण्याची चूक पुढच्यांनीं केली.

येथवर पुरावा शब्दांचा झाला, आतां जमिनीचा. शिरूरचा मुलूख अवर्षणाचा. दसरा-दिवाळीच्या सुमारास येथील शेंकडों कुटुंबें कोयता घेऊन पश्चिमेकडील साखर कारखान्यांच्या फडांवर जातात, तीं उन्हाळ्याच्या तोंडीं परततात. उसाची पक्वता यांच्याइतकी हातानें जाणणारा दुसरा वर्ग नाहीं. अशा एका परतलेल्या गृहस्थास आम्ही या श्लोकांचा भावार्थ सांगितला आणि हें लक्षण वेळूचें असेल कीं उसासारख्या एखाद्या गवताचें, असें विचारलें. ते म्हणाले, “गुरुजी, उसाला तुरा आला कीं त्याची वाढ थांबली. कळकाचं तसं नसतंय. त्याला तीन पावसाळे खाऊं द्यावे लागतात, मग तो कामाचा.”

या दोन वाक्यांत आमच्या तीन विग्रहांचा निकाल आहे. वेळूचा कोंब पावसाळ्यांत निघून त्याच वर्षीं पुरा उंच होतो, पण तो निबर व्हावयास दोन-तीन वर्षें जावीं लागतात. त्याचा फुलोरा तर कित्येक दशकांनीं एकदां येतो आणि फुलल्यावर बेट मरतें. म्हणजे वेळूची पक्वता ओळखावयाची ती वयावरून. शराचा दांडा मात्र प्रतिवर्षीं वर येतो, पावसाळ्याच्या अखेरीस तुरा धरतो आणि मग वाळूं लागतो. त्याची पक्वता ऋतूवरून ओळखतात. आमचा श्लोककार ऋतु सांगतो, वय सांगत नाहीं. वेळूविषयीं बोलणारा जाणता मनुष्य वय सांगितल्यावांचून राहता ना. वेळूहि पावसाळा संपल्यावरच तोडतात, कारण ओल्या, रसाळ दांड्याला भुंगा लौकर लागतो, असा आक्षेप कोणी घेईल. तो खरा आहे. परंतु त्यानें तोडण्याची वेळ सिद्ध होते, पक्वता होत नाहीं. श्लोकांत तर ‘समयाहृत’ आणि ‘सुपक्व’ हीं विशेषणें एकाच दांड्याला जोडून लाविलीं आहेत.

आतां विशेषणांचें मोल पाहूं. दांडा कठीण, वाटोळा, पूर्णग्रंथि आणि पांडुर असावा. फार जाड वा फार बारीक, कच्चा, हीनग्रंथि, चिरलेला नसावा. लांबी दोन हातांत एक मूठ कमी, म्हणजे सुमारें ३२ इंच, आणि जाडी करंगळीएवढी. हें सर्व अनुभवाचें बोलणें आहे. हिरवा दांडा वाळतांना वांकतो, म्हणून पांडुर. पेर जेथें जोडलें तेथें कमकुवत असेल तर प्रत्यंचेच्या धक्क्यानें दांडा तेथेंच मोडतो, म्हणून पूर्णग्रंथि. मात्र ‘सुप्रदेशज’ याचा अर्थ ‘सुपीक जमिनींत उगवलेला’ असा करण्याचा मोह टाळावा. फडावरचे लोक सांगतात कीं पाणी-खत फार झालेला ऊस माजतो आणि लोळतो. वेळूंतहि जो भरीव म्हणून नांवाजला आहे, तो कोरड्या जमिनींतच अधिक भरीव होतो. बाणाच्या दांड्याला सुप्रदेश तो, जेथें वाढ बेताची आणि सरळ होते. धान्याची सुपीकता दांड्याला लावणें हा टीकाकाराचा दोष, श्लोककाराचा नव्हे.

श्लोककारहि सर्वत्र निर्दोष आहे असें मात्र नाहीं. पुढें जाड तो बाण स्त्री, मागें जाड तो पुरुष, सारखा तो नपुंसक. पहिला दूर जातो, दुसरा भेद करतो, तिसरा नेम साधतो, अशी त्रयी त्यानें दिली आहे. भार पुढें असला तर बाण हवेंत स्थिर राहतो, एवढें यांत तथ्य आहे. परंतु तीन लिंगें आहेत म्हणून तीन बाण आणि तीन फळें, ही रचना शास्त्रकाराच्या आंखणीची दिसते, तिरंदाजाच्या हाताची नव्हे. तोडणारा बोलतो कोठें आणि आंखणारा बोलतो कोठें, हें ओळखणें हेंच अशा ग्रंथाच्या परीक्षणाचें मुख्य काम होय.

विरुद्ध पक्षाचें खरें बळ ग्रंथांत नसून आपल्या देशांत आहे, तेंहि मांडलें पाहिजे. शर हें मुख्यतः उत्तरेकडील नद्यांच्या गाळाचें तृण. सह्याद्रि-सातपुड्यांत वेळू विपुल. सातपुड्यांतील भिल्लांच्या तिरकामठ्याची कमान वेळूची आणि पुष्कळदां दोरीहि वेळूच्याच पट्टीची असते, आणि कौटिल्याच्या ज्यांच्या यादींतहि वेणु आहे. तेव्हां ज्या मराठी वाचकानें ‘शरवंश’ वाचून वेळू समजून घेतला, त्यानें आपल्या रानांत जें होतें तेंच पोथींत पाहिलें. ही देशपरत्वें झालेली योजना म्हणून मोलाची आहे आणि टीपेंत तिची नोंद अवश्य करावी. श्लोकाचा अर्थ म्हणून मात्र ती देऊं नये.

संग्राहकांस हा विषय परका वाटूं नये. ज्या बोरूनें आपल्या पोथ्या लिहिल्या गेल्या, तोहि असाच पक्का, कठीण, सरळ वेतून घेतलेला दांडा. आणि संस्कृतांत ‘इषीका’ शब्द बाणाच्या काडीला व चित्रकाराच्या कुंचल्याला सारखाच लागतो. ‘कांड’ म्हणजे बाणहि आणि ग्रंथाचा भागहि. उसाचें ‘कांडें’ त्याच शब्दाचें. पेर, कांडें, डोळा, तुरा, पाचट, वाढें हे शब्द बोलणारे लोक अजून आहेत. पोथीचीं पानें जपतांना हे शब्दहि त्यांच्या तोंडून लिहून घेतले, तर पुष्कळ श्लोक बोलूं लागतील.

शेवटीं एक ऋण. वर्गांत कार्तिकेयाच्या जन्माची कथा चालली असतां आम्ही ‘शरवण’ म्हणजे बाणांचें वन असें सांगितलें होतें. वर्षांतील पांच-सहा महिने आईबापांबरोबर फडावर असणारा एक मुलगा उठून म्हणाला, “गुरुजी, बाण कुठं उगवत असत्यात का? ते उसावानी गवत असंल.” वर्ग हंसला आणि आम्ही त्यास खालीं बसविलें. पाणिनीचें सूत्र तेव्हांहि आम्हांस पाठ होतें. अर्थ त्याला ठाऊक होता.