जर्मन नौकापरिभाषा व इंग्रजी प्रतिशब्द

हांबुर्गच्या योहान हिन्रिख रोडिंग याचा बहुभाषी नौकाकोश १७९८ पर्यंत चार खंडांत पुरा झाला. त्याची थोरवी प्रतिशब्दांच्या विपुलतेंत नसून स्पष्टीकरणांत व चित्रफलकांत आहे, असें आमचें मत आहे. जर्मन 'शोट' हा शीड ताणून धरणारा दोर. इंग्रज खलाशी त्यासच 'शीट' म्हणतो. जर्मन लेखनांत त्या शब्दास आणखी एक 'ट' जोडला, कीं दोराची आडभिंत, म्हणजे 'बल्कहेड', होते. नांगर उचलण्याचा रहाट 'स्पिल'. त्याचा आंस उभा असल्यास इंग्रजींत 'कॅप्स्टन', आडवा असल्यास 'विंडलास'. हा निवाडा नुसत्या शब्दसूचीनें होत नाहीं. सबब जुन्या जहाजी याद्यांच्या भाषांतरकारानें आधीं वस्तु ओळखावी, मग शब्द योजावा. एरव्हीं अस्सल कागदही खोटी साक्ष देईल.