अंकीय माध्यमे आणि वक्तृत्वशास्त्र
ग्रीक-रोमन परंपरेने वक्तृत्वाची पाच अंगे मानली : आशयशोध, मांडणी, शैली, स्मरण व सादरीकरण. मुद्रणाच्या वर्चस्वकाळात शेवटची दोन मागे पडली आणि निबंधाचे अध्यापन बव्हंशी व्याकरण व परिच्छेदरचना यांत अडकले. रिचर्ड लॅनम यांनी द इलेक्ट्रॉनिक वर्ड (१९९३) या ग्रंथात संगणकावरील मजकूर वक्तृत्वपरंपरेचे पुनरुज्जीवन करील, असे प्रतिपादिले. हे मत काहीसे उत्साही असले, तरी सादरीकरणापुरते खरे ठरले. अक्षरवळण, चित्र व ध्वनी यांचा निर्णय आता लेखकालाच घ्यावा लागतो. स्मरणाविषयी मात्र शंका उरते. प्राचीनांच्या लेखी ते प्रसंगी सुचण्याचे भांडार होते, नुसती साठवण नव्हे. शोधयंत्र साठवणच पुरविते. २०२२ पासून मसुदा रचणारी यंत्रे सर्वांच्या हाती आल्यावर आशयशोध विद्यार्थ्याचा की यंत्राचा, हे केवळ तयार प्रत तपासून शिक्षकाला ठरविता येईनासे झाले.